दुमडलेली तारीख

पेपर हातात आला की काका आधी त्याची वरची कडा आत दुमडायचे. एकेका पानाची, नखाने घडी दाबून, अगदी शिस्तीत. मग चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "हं, ऐका आता." पानावर तारीख छापलेली असते ती जागा नेमकी त्या घडीत जायची. कुणी विचारलंच, "काका, आज तारीख काय हो?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "तारखेचं काय घेऊन बसलात? बातमी ऐका."

तुमच्याही गावात असा एखादा गृहस्थ असेल. आपण त्याची लकब बघतो, घरी जाऊन नक्कल करून दाखवतो आणि विसरून जातो. मीही तेच केलं. पेपर हातात नीट बसावा म्हणून दुमडत असतील, एवढाच मी विचार केला होता.

आगाशीच्या बाजाराजवळ आमचं लहानसं वाचनालय आहे. दुपारची मी तिथे ग्रंथपाल म्हणून बसते. शब्द मोठा आहे, काम तेवढं नाही. कपाटं उघडायची, पंखा लावायचा आणि पुस्तकं अडकवून ठेवणाऱ्यांना फोनवर झापायचं. स्वभाव तिखट असल्यामुळे ते शेवटचं मला छान जमतं.

आमच्या ओटीवर रोज काही म्हातारी मंडळी जमतात. कुणाला मोतीबिंदू, कुणाचा चष्मा घरी राहिलेला, कुणाला मुळात वाचायचा कंटाळा. म्हणून एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकत भांडायचं, ही तिथली जुनी पद्धत आहे. वाचायचा मान काकांचा. ते एका शाळेत हेडक्लार्क होते, निवृत्त झाल्यावर घरची वाडी बघायचे. येताना सोनचाफ्याचं एक फूल आणून माझ्या रजिस्टरवर ठेवायचे आणि सायकल भिंतीला टेकवायचे. आवाज असा की समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा पिशवी हातात धरून उभं राहायचं.

घरी न्यायला ते नेहमी भुताखेतांच्या गोष्टी घ्यायचे. मी रहस्यकथावाली. खुनी कोण हे ओळखायचा मला भारी सोस आणि दरवेळी माझं चुकतं. मी एकदा त्यांना चिडवलं, "काका, या वयात भुतं कसली वाचता?"

"भुतं बरी हो, ताई," ते म्हणाले. "ठरलेल्या वेळी येतात, ठरलेल्या जागी बसतात. त्यांचा भरवसा असतो."

मी हसले होते.

एका दुपारी ओटीवर चांगलंच जुंपलं. काकांनी बातमी वाचली की मोठ्या पाइपलाइनचं काम जोरात चालू असून दिवाळीपर्यंत घरोघरी पाणी येणार, असं पुढाऱ्यांनी सांगितलंय. दुसरी बातमी, इथल्या एका पुढाऱ्याने पक्ष सोडला, कार्यकर्त्यांची घुसमट त्याला सहन होईना. झालं. एकजण म्हणाला, बरं झालं, घाण गेली. दुसरा म्हणाला, अरे, तो होता म्हणून गटारं तरी झाली. तिसऱ्याने टँकरवाल्यांचा उद्धार केला. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि त्यातला एक चहा अर्धा ठेवून घरी गेला.

मंडळी पांगल्यावर मी पेपर आवरायला घेतला. घडी सरळ केली आणि तारीख दिसली. पेपर कित्येक वर्षांपूर्वीचा होता. कागद पिवळा पडलेला, पण ओटीवर छताला पिवळा प्लास्टिकचा पत्रा, त्याच्या उजेडात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि बातमीत तर काहीच जुनं नव्हतं. पाइपलाइन तेव्हाही येणार होती, आताही येणार आहे. तो पुढारी मधल्या काळात परत येऊन पुन्हा गेला होता. हल्ली कोण कुठल्या पक्षात आहे हे सकाळी विचारून घेतलं तर संध्याकाळी पुन्हा खात्री करावी लागते, त्यामुळे म्हाताऱ्यांना तरी काय बोलायचं? मी एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी काकांना गाठलं. "काय हो, कालचा पेपर जरा जास्तच कालचा होता."

मला वाटलं, तेही हसतील. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "चूक झाली," ते म्हणाले. "मागच्या खोलीतून घरी न्यायला काढला होता. तो आणि त्या दिवशीचा, दोन्ही एकाच पिशवीत होते. कुणाला सांगितलंत का?"

मागच्या खोलीत आमच्याकडे जुन्या पेपरांचे गठ्ठे होते, छतापर्यंत. काका त्यातला एक पेपर रोज नेतात आणि दुसऱ्या दिवशी जागच्या जागी ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, शब्दकोडी सोडवत असतील. रिकाम्या माणसाचा छंद. पण गठ्ठे चाळून पाहिले तेव्हा दिसलं की हात लागलेले पेपर सगळे एकाच काळातले होते. एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचे. त्या दिवाळीनंतरचा गठ्ठा सुतळीने करकचून बांधलेला होता आणि वर धूळ. रहस्यकथा वाचून वाचून माझं डोकं तसंच चालतं, पण खरं सांगते, यातलं काही मला ओळखता आलं नाही.

मग काका तापाने पडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आवाज बसलेला. "ताई, तेवढा आजचा पेपर आणून द्याल? म्हणजे... तुम्हाला माहीत आहे कुठला." मी तारीख जुळवून पेपर काढला आणि वाचनालय लवकर बंद करून निघाले.

त्यांचं घर वाडीच्या टोकाला. चाफ्याची झाडं, केळी, विहीर, मध्ये विटांची पायवाट. घर साधं, स्लॅबचं. काकू दारातच उभ्या होत्या. स्वच्छ नेसलेल्या, केसात फूल, डोळ्यांत तरतरी. "या, या. वाचनालयातल्या ना तुम्ही? हे सांगतात तुमच्याबद्दल. फार रागावता म्हणे." मी मान डोलावली. बाई मला आवडल्या.

आत टीव्हीवर एक मालिका चालू होती. तुम्हाला ठाऊक असेल, नायिकेचं लग्न मोडायचं म्हणून सगळी सासुरवाडी कामाला लागलेली असते, तशातली. मीही त्या वेळी लाज सोडून ती रोज बघायची. ती संपून किती वर्षं झाली, त्यातली खलनायिका आता दुसरीकडे आजीचं काम करते. टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह लावलेला मला दिसला. भिंतीवर कॅलेंडर होतं. महिना चालू होता तोच, वर्ष पेपरातलं.

"कोण येणार हो यंदा?" काकूंनी विचारलं.

"कुठे?"

"अहो, निवडणुकीत. हे म्हणतात काही सांगता येत नाही. मी म्हणते, तोच येणार, फक्त चिन्ह बदलून."

त्या निवडणुकीचा निकाल मला पाठ होता. त्या म्हणत होत्या तसंच झालं होतं. पण त्या ज्या उत्सुकतेने माझ्याकडे बघत होत्या, ती बघून माझी जीभ उचलेना. "सांगता येत नाही," मी म्हणाले.

"वाचनालयात बसता आणि सांगता येत नाही?" त्या हसल्या आणि ताटं पुसायला लागल्या. तीन ताटं. एक जरा मोठं, काठाला पोचा आलेलं. ते त्यांनी दाराकडे तोंड होईल असं मांडलं. "बसा थोडं. बाबू येईलच इतक्यात. गोखिवऱ्याला कारखान्यात आहे, शिफ्ट सुटली असेल. तुमच्या वाचनालयातली सगळी मारधाडीची पुस्तकं त्यानेच वाचलीत."

मला त्या बाबूचं कार्ड आठवलं. फार वर्षांपूर्वी आम्ही ते काढून टाकलं होतं. कार्डावर मीच रेघ मारली होती. बाहेर चांगलं ऊन होतं, कुणीतरी विहिरीवर पंप लावला होता, आणि मला त्या घरात बसायची भीती वाटायला लागली. टीव्हीतली नायिका रडत होती आणि तिचं पुढे सगळं चांगलं होणार हे मला माहीत होतं.

काका उठून मला फाटकापर्यंत सोडायला आले. तापाने अंग थरथरत होतं. तिथे उभं राहून त्यांनी सांगितलं.

बाबू त्या पेपरांतल्या शेवटच्या दिवाळीनंतर गेला. पाइपलाइनसाठी रस्ता खणला होता, कडेला ना दिवा ना दोरी, मोटारसायकल सरळ आत गेली. काकूंनी सगळं धीराने केलं. दिवस केले, माणसांना पाणी विचारलं. काही महिन्यांनी एका सकाळी त्यांनी विचारलं, "बाबू उठला का?" काकांनी खरं ते सांगितलं. त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या कोसळल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच विचारलं.

"मी पुन्हा सांगितलं," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते, सांगत राहा. पण ताई, तिला ते रोज नवं. रोज सकाळी मी जाऊन तिच्या पोराला मारायचं? किती दिवस? एकदा समोर जुना पेपर पडला होता, तो नुसता वाचला. ती शांत बसली. संध्याकाळी म्हणाली, बाबूला आज उशीर दिसतोय. मी म्हटलं, हो. झोपली बिचारी."

तेव्हापासून त्या घरात दिवाळी ते दिवाळी असं एकच वर्ष होतं. ते संपलं की काका पुन्हा पहिल्या पेपरपासून सुरुवात करायचे. पुरवणी भलत्याच वारी यायची, त्यामुळे काकूंचा रविवार कधीही असायचा. निवडणूक मात्र दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी काकू तेवढ्याच इरेला पेटायच्या.

"कळत नाही त्यांना?" मी विचारलं.

"काय कळायचंय? तेच खड्डे, तेच पाणी, तीच माणसं. मालिका बदलल्या तर तेवढ्या. बाकी कुणी तिला सांगितल्याशिवाय कळायचं कसं?" त्यांनी फाटकाला टेकून घेतलं. "कधी कधी मी वाचायच्या आधीच ती पुढची ओळ बोलते. मग मला झोप लागत नाही."

हे आळीत पसरलं होतं, निराळ्याच रूपात. काकूंना पुढचं कळतं म्हणे. बायका विचारायला यायच्या, नळाला पाणी कधी येणार, अमका निवडून येणार का. काकू जुन्या पेपरातलं सांगायच्या आणि ते खरं व्हायचं. मतदानाच्या आधी रस्ता खणतील म्हणाल्या, खणला. तो पुढारी परत पक्ष सोडेल म्हणाल्या, सोडला. एक बाई तर मुलीच्या लग्नाची तारीख विचारायला आली. काकांनी तिला चहा देऊन परत पाठवलं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या कमिटीने ठरवलं की मागची खोली रिकामी करायची. परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी एसी, टेबलं, इंटरनेट. चांगलीच गोष्ट. पेपरांचे गठ्ठे रद्दीत. काका त्या बैठकीला आले होते. कधी बोलत नसत, त्या दिवशी उभे राहिले.

"एक वर्ष ठेवा," ते म्हणाले. "बाकी काढा. एकच वर्ष ठेवा."

"काका, आता सगळं मोबाइलवर मिळतं," अध्यक्ष समजुतीने म्हणाले.

"मोबाइलची कडा दुमडता येत नाही," काका म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले. कारण माहीत असलेली तिथे मी एकटी होते आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. बैठक उठल्यावर मी अध्यक्षांना एवढं झापलं की ते बिचारे म्हणाले, न्या हो, काय हवं ते न्या. त्या एका वर्षाचे गठ्ठे मी रिक्षात घालून बोळिंजला माझ्या फ्लॅटवर नेले. वॉचमनने विचारलं, "मॅडम, ये सब पढ़ोगे आप?" नवऱ्याने बाल्कनीतली त्याची खुर्ची हलवली आणि दोन दिवस तोंड फुगवून बसला. रोज एक पेपर मी पिशवीतून आणायची, काका तो घरी न्यायचे. फूल मात्र ते आता रजिस्टरवर न ठेवता माझ्या हातात द्यायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी वाडीला पाणी लावताना बसले ते उठलेच नाहीत.

शेजारच्या घरातली पुतणी काकूंकडे राहायला आली. तिने त्यांना सांगितलं. काकू खूप रडल्या, मंगळसूत्र स्वतःच्या हाताने काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते कपाटातून शोधून पुन्हा घातलं आणि पुतणीला विचारलं, "हे अजून वाचनालयातून आले नाहीत?" पुतणी माझ्याकडे धावत आली. लहानच आहे ती, लग्न व्हायचंय. "मावशी, मी काय सांगू?" म्हणून माझ्यासमोर रडायला लागली. मी पेपर घेतला आणि तिच्याबरोबर गेले. "त्यांना आज मीटिंग आहे," मी काकूंना सांगितलं, "म्हणून मला पाठवलं."

"वाचा मग," काकू म्हणाल्या. मी वरची कडा आत दुमडली.

तेव्हापासून रोज वाचनालय बंद करून मी तिकडे जाते. माझा आवाज काकांसारखा नाही, पण काकूंनी चालवून घेतलं. मला तिथली भीती वाटायची थांबली, असं मी मैत्रिणींना सांगते. ते खरं नाही. घरी आल्यावर मी आधी मोबाइल उघडून तारीख बघते. नवरा म्हणतो, तुझं काहीतरी बिनसलंय.

दिवाळी आठवड्यावर आली होती. त्या दिवशी वाचनालयात गर्दी होती, दिवाळी अंकांसाठी माणसं अडून बसली होती, मी घाईघाईने पिशवी उचलली. काकूंकडे पोचले, घडी घातली, वाचायला लागले. एका पुढाऱ्याने पक्ष सोडला, कार्यकर्त्यांची घुसमट त्याला सहन होईना. पाइपलाइनच्या पुढच्या टप्प्याचं काम जोरात चालू असून दिवाळीपर्यंत पाणी येणार. एका नटीने मालिका मध्येच सोडली. काकू मान डोलावत ऐकत होत्या. पान उलटलं आणि फोनची पानभर जाहिरात समोर आली. असा फोन त्या वर्षी कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मी आजचा पेपर उचलून आणला होता. इतका वेळ वाचूनही मला ते कळलं नव्हतं.

माझा हात थांबला. काकूंनी ताट पुसत विचारलं, "काय झालं? खाली कोपऱ्यात ती बातमी आली का?"

"कुठली?"

"असते हो एखादी. गाडीची, रस्त्याची. ती गाळा तुम्ही. हेही गाळायचे. त्यांना वाटायचं, मला कळत नाही. कागदावर बोट पुढे सरकायचं आणि आवाज तेवढा वेळ बंद. मी कधी विचारलं नाही. उगीच त्यांना त्रास."

त्या अगदी सहज बोलत होत्या. त्यांना किती कळत होतं, आणि कोण कुणासाठी ते वर्ष धरून बसलं होतं, हे मला विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. मी विचारलं नाही.

मी खाली पाहिलं. कोपऱ्यात बातमी होती. पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला, कडेला दिवा नाही, कामावरून परतणारा एक मुलगा मोटारसायकलसह आत पडला. खाली त्याचं नाव होतं, मला अनोळखी. कुणाच्या तरी घरी हा पेपर अजून घडी न मोडता पडला असेल. मी बोट पुढे सरकवलं आणि आवाज बंद ठेवला.

काकूंनी पोचा आलेलं ताट दाराकडे तोंड करून मांडलं. शेजारी काकांचं मांडलं. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी मोटारसायकलचा आवाज आला. काकू फडकं हातात धरून थांबल्या. मीही थांबले. आवाज जवळ आला, फाटकाशी मंद झाला, आणि पुढे निघून गेला.

"त्याची नव्हती," काकू म्हणाल्या. "वाचा पुढे."